ओझेलचं कापलेलं आवर्तन

बेस वाजायला लागला की लोकांना तहान लागते. सॅक्सोफोन थांबला, पियानो थांबला, म्हणजे आता गप्पा मारायच्या, असं आमच्या डेट्रॉइटमध्ये सगळे धरून चालतात. ग्लास खणखणतात, कुणीतरी मेव्हणीच्या लग्नाचा विषय काढतं. पियानोवर बसून मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरलंय. ओझेल व्हिटलॉकचं फिरत नसे. निदान आम्हाला तसं वाटायचं.

ओझेल दिवसा मोटारीच्या कारखान्यात भट्टीवर असायचा. संध्याकाळी आंघोळ करून, बोटांना चिकटपट्ट्या लावून, व्हायोलिनच्याच घडणीचा पण स्वतःपेक्षा उंच बेस खांद्याला लावून निघायचा. बसवाले त्या धुडासकट आत घेत नसत, म्हणून पायीच, बर्फातसुद्धा. त्यापेक्षा बासरी का नाही शिकलास, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाला, चर्चच्या कोपऱ्यात हाच धूळ खात पडला होता, आईनं बोट दाखवलं, आणि तिला नाही कोण म्हणणार? रूथेल व्हिटलॉकला नाही म्हणायची छाती खरंच कुणाची नव्हती. पाद्रीसुद्धा तिला टरकून असायचा.

ती गेल्यावर ओझेलनं तिच्यावर एक धून बांधली, ‘रूथेलचं स्वयंपाकघर’. त्यात मध्येच सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि बेसनं एकट्यानं एक आवर्तन वाजवायचं. म्हातारी शेगडीपाशी पालेभाजी ढवळताना गुणगुणायची तसं, सावकाश, कुणाची पर्वा न करता. ते संपलं की ओझेल एक खोल सूर धरायचा. तो ऐकल्यावरच सॅक्सोफोननं आत यायचं. त्याआधी नाही.

त्याच वर्षी क्रेल नावाचा एक छोटा रेकॉर्डवाला त्याच्याकडे आला. चौघं जमव, तुझ्या नावानं रेकॉर्ड काढू, म्हणाला. बेसवाला आणि बँडचा म्होरक्या! गावातले वाजवणारे फिदीफिदी हसले. ओझेलनं मला घेतलं, ड्रमवर मोझेस टार्व्हरला घेतलं आणि सॅक्सोफोनला लमाँट टीसडेल. लमाँटला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. तो ओझेलच्याच घरी जेवायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी दुपारी आम्ही ती धून एका दमात वाजवली. बेसच्या आवर्तनाला मी रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

रेकॉर्ड आली. कव्हरवर लमाँटचा फोटो, त्याखाली लमाँटचंच ठळक नाव. ओझेल मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, मोझेसच्याही खाली. सुई टेकवली तर आवर्तनच गायब! क्रेलनं टेप ब्लेडनं कापून दोन्ही टोकं जोडून टाकली होती. जाब विचारायला गेलो तर म्हणतो, “बेस लागला की लोक रेडिओचं स्टेशन बदलतात. तुमच्याच भल्यासाठी केलं.” समोरचा अ‍ॅशट्रे त्याच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. ओझेलनं एवढंच विचारलं, की कापलेला तुकडा ठेवलाय का. तो केव्हाच केरात गेला होता.

रेकॉर्ड चालली, धो धो चालली. लमाँट न्यूयॉर्कला गेला, मोठा झाला. ओझेलला त्यानं ना फोन केला, ना निरोप पाठवला. ओझेल भट्टीवर जात राहिला.

मग काही वर्षांनी, एका रविवारी दुपारी ओरिओल क्लबात लमाँटचा कार्यक्रम ठरला. आमच्या जॅझवाल्यांत बाहेरचा स्टार एकटाच येतो, वाद्य काखोटीला मारून, आणि साथीला गावातलेच तिघे घेतो. क्लबवाल्यानं आम्हा तिघांनाच सांगितलं होतं. मी येत नव्हते. ओझेल म्हणाला, “चल एर्लीन. धून माझी आहे.”

स्टेजवर चढण्याआधी लमाँटनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “ओझ, ते मधलं बेसचं गाळायचं हं. रेकॉर्डवर आहे तसंच वाजवू.”

“रेकॉर्डवर ते का नाही, ते तुला माहीत नाही?” मी म्हटलं.

“तू मध्ये पडू नकोस गं. मी सगळीकडे असंच वाजवतो. ते आलं तर लोकांना वाटेल, काहीतरी चुकलं.”

म्हणजे ज्यानं बांधली, तोच आता चुकणार! माझं अंग नुसतं पेटलं. ओझेल खुंट्या पिळत राहिला.

क्लब खच्चून भरला होता. धून सुरू झाली. ती जागा आली, लमाँट पुढे सुटला, आणि ओझेलनं आपलं आवर्तन धरलं. मोझेसनं काठ्या उचलल्या, मी हात काढून घेतले. लमाँट उघडा पडला, दोनचार सूर फुंकून गप्प झाला. लोक हसले. “आजोबा, घरी जाऊन रेकॉर्ड ऐका!” पुढच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं.

आवर्तन संपलं. आता तो खोल सूर यायचा. तो आलाच नाही. ओझेलनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. संपलं, की पुन्हा. लमाँट सॅक्सोफोन ओठांशी धरून ताटकळत उभा. लोकांच्या गप्पा रंगल्या, मग ओसरल्या, मग एकेक टेबल थांबलं. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभे राहिले.

लमाँट त्याच्या कानाशी गेला. “सूर दे ना. शोभा करतोस माझी.”

“हे कुणाचं आहे ते सांग त्यांना,” ओझेल वाजवता वाजवता म्हणाला. “मग ये.”

लमाँटनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. शेवटी तो माइकपाशी गेला आणि घसा खाकरून म्हणाला, “ही धून ओझेल व्हिटलॉकची आहे. बँड त्याचा होता. रेकॉर्डही त्याचीच.”

टाळ्या पडल्या. ओझेलनं सूर दिला. लमाँट आत आला आणि, मेला, सुरेख वाजवू लागला. मोझेसनं त्याला साथ धरली, ओझेलनंही धरली. ओझेलनं त्याला माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. मी केलं नाही. हात पिरगाळल्यावर घेतलेलं नाव ते. धून संपेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसले आणि लमाँटला एकही सूर दिला नाही.