हॉलवाले काकांचं आभारप्रदर्शन

हॉलवाले काका कुठलाही हॉल पसंत करण्याआधी त्यात झोपून बघत. आमच्या दिल्लीच्या सरकारी कार्यालयाची परिषद दरवर्षी कुठल्यातरी समुद्रकाठच्या गावी भरे. हॉल ठरवायला काका जात, त्यांची बॅग उचलायला मी. ते तिथे दडपून जेवत, तिसऱ्या रांगेत बसत आणि म्हणत, "चल, माईकवर अंदाजपत्रक वाच." पहिल्या पानाला घोरले, की हॉल नापास. एकदा त्या घोरण्याने झुंबर निखळून खाली आलं. मॅनेजरने वायरमनला झापलं. काका जागे झाले नाहीत.

"परिषद म्हणजे काय रे? जेवलेल्या माणसाला जागं ठेवणं," ते सांगत.

काका मूळचे वर्ध्याचे, राहायला दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी कॉलनीत. परिषदेच्या पिशव्या त्यांनी घरी इतक्या आणल्या, की अख्खी कॉलनी त्यांतून भाजी आणायची. काकूंनी मात्र समुद्र पाहिला नव्हता. सुट्टी लागली की वर्धा, आणि परिषदेला कुटुंब आणायला बंदी. तो नियम काकांनीच लिहिलेला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या परिषदेत साहेबांनी आभारप्रदर्शन काकांना दिलं. जन्मभर दुसऱ्यांचे माईक तपासलेला माणूस पहिल्यांदा बोलणार होता. महिनाभर आरशाने ते भाषण ऐकलं. काकूंनीही ऐकवलं, "यंदा मी येणार. नाहीतर रिटायर झाल्यावर स्वयंपाक तुम्हीच करा."

काकांनी स्वखर्चाने काकूंना आणलं आणि त्यांच्या गळ्यात 'निरीक्षक' असं ओळखपत्र अडकवलं. जेवणानंतर हळूच समुद्रावर सटकायचं, असा बेत. पण पकडले जाऊ या भीतीने काकू पहिल्या रांगेत ताठ बसल्या आणि अधिकाऱ्यांना वाटलं, मंत्रालयातून आल्या. एका वक्त्याने घाबरून खरे आकडे सांगितले. जेवताना साहेबांनी स्वतः सुरमई वाढली, "मॅडम, एक और." प्रत्येक चहाला काकूंभोवती फायलींचं कडं. समुद्र रस्त्यापलीकडे, आणि संध्याकाळ झाली तरी काकू हॉलमध्येच.

शेवटी काकांचं नाव पुकारलं गेलं. सभा संपली की लगेच बस सुटणार होती. काकांनी माईक घेतला, समोर काकूंकडे पाहिलं आणि माईक माझ्या हातात दिला.

"निरीक्षक मॅडम, बाहेरची व्यवस्था बघायची राहिलीय. चला."

दोघं निघून गेले. मी "सगळ्यांचे आभार" एवढंच म्हणून खाली उतरलो.

बस खोळंबली. हॉर्न वाजवायची कुणाची छाती होईना. अंधार पडता पडता काकू आल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात, मागोमाग काका. साहेब उठून उभे राहिले. "मॅडम, सब ठीक?"

"बिल्कुल," काकू म्हणाल्या.

बस सुटल्यावर काकूंनी विचारलं, "तुमचं भाषण राहिलं ना हो?"

"राहू दे."

"राहू दे काय? महिनाभर आरशाला सांगितलंत. आता मला सांगा."

काका घसा खाकरून उभे राहिले आणि वरचा दांडा धरून त्यांनी आभार मानले, साहेबांपासून जनरेटरवाल्यापर्यंत, एकेकाचे, नावानिशी. काकूंनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षक वाजवतायत म्हटल्यावर साहेबांनी वाजवल्या. आणि साहेब वाजवतायत म्हटल्यावर अख्ख्या बसने.