गणपतीच्या पोटातला दुष्काळ

माझा संताप अजून उतरलेला नाही. त्या गणेशचतुर्थीला मी अशी ओरडले की आमच्या शहराच्या हरणी विमानतळावर उतरायला आलेलं विमान घाबरून पुन्हा वर गेलं. खोटं वाटत असेल तर आमच्या सोसायटीत विचारा. अर्ध्या लोकांना तेव्हापासून कमी ऐकू येतं.

तेव्हा मी पादरा गावाकडच्या एका तळ्यावर भूगर्भशास्त्राचं संशोधन करत होते. पाऊस भरपूर झाला की तळ्याच्या बुडाशी काळा चिकण गाळ बसतो. तळं आटलं की मेलेल्या गोगलगायींच्या शंखांचा पांढरा पट्टा पडतो. थरावर थर, हजारो वर्षांचे पूर आणि दुष्काळ. उन्हाळ्यात कोरड्या तळ्यात मी प्लास्टिकचे पाईप ठोकून तो गाळ उभाच्या उभा काढला. घण असा घातला की पृथ्वीच्या पलीकडे कुणाच्या तरी कपबशा फुटल्या असणार.

पण ठेवायचा कुठं? तेव्हा सगळ्या देशाला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. आमच्या विभागातली दगडमातीची खोली रिकामी करून तिथं ते डबे बसवले, वर त्यांना एसी! माझे पाईप आले घरी, पलंगाखाली. आणि तिकडे तळ्यात राडारोड्याचे डंपर रिकामे व्हायला लागले. बंगल्यांची स्कीम येणार होती. म्हणजे ते तळं जगात आता फक्त माझ्या पलंगाखाली उरलं होतं.

घरात काका होते. मकरपुऱ्याच्या कारखान्यानं त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिलेली. इच्छा कारखान्याची, निवृत्ती काकांची. घरचा गणपती दरवर्षी तेच हातानं घडवत. यंदा तर वेळच वेळ.

मी कच्छला कामाला गेले होते. चतुर्थीला परतले तर आरती चाललेली. मूर्ती सुरेख. टाळ्या वाजवता वाजवता माझं लक्ष पोटाकडे गेलं. रंगातून शंखांचे पांढरे कण डोकावत होते.

"काका, ही माती कुठली?"

"तुझ्या पलंगाखालची! अगं, काय माती, नुसतं लोणी. बाजारातल्या शाडूच्या तोंडात मारेल."

"मळलीत?"

"मग? चांगली तुडवली. सगळी एकजीव!"

विमान परत गेलं ते तेव्हा.

"देवासमोर ओरडू नकोस," आई म्हणाली. "आणि माती तर समोरच आहे ना? गेली कुठं?"

"माती नाही गं, क्रम गेला! आधी काय झालं, मग काय झालं, एवढंच तर ती सांगत होती. काकांनी हजारो वर्षं सोंडेत वळून ठेवलीत!"

"सोंड डावीच ठेवलीय हो," काका घाईघाईनं म्हणाले.

देवाला मोडता येईना, काकांना मोडता येईना. मोदक संपले, राग संपला नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी हाक मारली. "ये, बघ! तुझ्यासाठी सूरसागर तलावात नेला नाही, बादलीत विसर्जन केलं. थर परत आले!"

बादलीच्या तळाशी रेती, वर बारीक गाळ, अगदी शिस्तीत. काकांचा चेहरा उजळलेला. तो बघून मी आणखीच पेटले.

"हे एका रात्रीचे थर आहेत, काका! सगळे पूर, सगळे दुष्काळ कालच्या रात्रीत येऊन गेले असं म्हणतेय ही बादली!"

काकांनी बादली उचलली. मग स्कूटरची किल्ली घेतली. "चल. जिथलं तिथं ठेवून येऊ."

बादली मांडीवर घेऊन मी मागे बसले. तळ्याशी पोचलो तर पत्र्याचं फाटक. आमच्यासमोर राडारोड्याचा एक डंपर आत गेला आणि आम्ही कचरा टाकायला आलोय असं समजून चौकीदारानं आम्हाला गुजरातीत अडवलं.

"ओ बेन, अहीं कचरो नथी नाखवानो!"

मी तोंड उघडणार, तोच काका गरजले. कारखान्यातून निघाले त्या दिवशी चकार शब्द न काढलेले काका! "कचरो तो तमे नाखो छो, भाई! आ तो तळाव छे!"

मी बादली फाटकातच, विटांच्या तुकड्यांवर उपडी केली. मागून आलेला डंपर त्यावरून गेला.

हजारो वर्षांनी कुणीतरी तिथं खणेल. विटांच्या वर शंखांचा गाळ बघेल आणि छातीठोकपणे लिहील की इथं आधी बंगले होते, तळं नंतर झालं. लिहू दे मेल्याला.