गुऱ्हाळ सुटलं की निघते

माणसं कामात गढलेली असली की सांगण्यासारखं फारसं घडत नाही. आम्ही मात्र दिवसातला बराच वेळ नुसते वाट बघत बसायचो, त्यामुळे आमच्या ऑफिसात किस्से साठत गेले. मी फार बोलत नाही, म्हणून बहुतेक सगळे माझ्याकडे जमा आहेत.

ऑफिस सांगलीत, विश्रामबागेत. आम्ही साखर कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. उसाच्या गाडीचा यार्डातला नंबर, काट्यावरचं वजन, शेतकऱ्याच्या मोबाइलवर जाणारा मेसेज, सगळं त्यात येतं. कुणी प्रोग्राममध्ये काही बदललं की एक मशीन आपोआप त्याच्या तपासण्या घेतं. सगळ्या हिरव्या झाल्या तर बदल पुढे जातो, एक जरी लाल झाली तरी परत येतो. हे सगळं उरकायला दोन-अडीच तास सहज जायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या शिराळ्याच्या दत्तानं त्याचं नाव ठेवलं, गुऱ्हाळ.

आमचे पवार सर पूर्वी फौजेत सिग्नलला होते. त्यांचा नियम होता: बदल कितीही लहान असो, तपासण्या सगळ्या. आणि आपलं गुऱ्हाळ सुटल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.

*

एकदा दत्तानं एका बटणाचा रंग निळ्याचा हिरवा केला. गुऱ्हाळ लागलं. आम्ही चहा पिऊन आलो, जेवून आलो, तरी काट्याच्या तपासण्या चालूच.

"आवं सर," दत्ता म्हणाला, "रंग बदललाय. इंजिन न्हाई उतरवलं."

सरांनी मानही वर केली नाही. "परेडला अर्धा युनिफॉर्म चालत नाही."

*

मग माझं लग्न झालं. नवरा साताऱ्यात बँकेत, मी इथे पीजीत. भेट शनिवार-रविवारी, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळची बस मिळाली तर. पहिल्याच शुक्रवारी मी नवऱ्याला मेसेज केला, "गुऱ्हाळ सुटलं की निघते." ते सुटलं तोवर बस कराडच्या पुढे गेली असेल. तो साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन एकटाच परत आला.

असं आणखी एकदोनदा झाल्यावर सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना मशीनचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे ते सुटल्याबिगर तुला सोडत न्हाईत व्हय?"

"हो, आई."

"मग त्याला सांग की, घरात पाव्हणं आल्यात म्हणून."

*

ऐन गळीत हंगामात बदलांची रांग यार्डातल्या ट्रॅक्टरांसारखी लांबली, तेव्हा सर नरमले. आता स्क्रीनवर प्रत्येक तपासणीपुढे चौकोन आला. आपल्या बदलाला ज्या लागतील त्यांवर टिक करायची, बाकीच्या रात्री मशीन आपोआप घेणार आणि मगच सकाळी बदल कारखान्याला जाणार. सरांची अट एकच: चूक कारखान्यापर्यंत पोचली, की चौकोन बंद.

मी मनात शुक्रवारची बस पकडली.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी सगळ्या चौकोनांवर टिक केली. उगाच आपल्यावर यायला नको! रांग होती तेवढीच राहिली. सरांनी दत्ताला विचारलं, निवडायला सांगितलं होतं ना?

"निवडलं की सर," दत्ता म्हणाला. "सगळ्याच आवडल्या."

*

आठवडाभरात तोच दत्ता दुसऱ्या टोकाला गेला. त्याचा बदल मिनिटात पुढे गेलेला बघून सर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. एकाही चौकोनात टिक नव्हती.

"काय निवडलंस?"

"विश्वास, सर."

सरांनी वाकून सगळी यादी बघितली. मग म्हणाले, "त्याचा चौकोन दिसत नाही मला."

*

जीव खालीवर झाला तो एकदाच. आमचा एक कारखाना सीमेपलीकडे आहे, तिथल्या शेतकऱ्यांना मेसेज कानडीत जातात. दत्तानं मेसेजची मांडणी बदलली, मराठीची तपासणी घेतली आणि कानडीची सोडली. सकाळी आलो तर रात्रीच्या तपासणीत कानडी लाल. अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. चूक कारखान्यापर्यंत गेली नव्हती, पण थोडक्यात.

दत्ता पांढरा पडला होता. मी बसचं वेळापत्रक आठवत होते. सरांनी लाल ओळ नीट वाचली.

"रात्रीच्या पहाऱ्यानं पकडलं," ते म्हणाले. "पहारा असतो कशाला मग?"

चौकोन वाचले. दत्तानं सगळ्यांना भडंग आणलं. मी सहसा खात नाही, त्या दिवशी दोनदा घेतलं.

*

आणि हा किस्सा संक्रांतीनंतरच्या शुक्रवारचा. शनिवारी सासूबाईंनी माझं पहिलं हळदीकुंकू ठेवलं होतं. काळी साडी आणलेली, हलव्याचे दागिने घरी करून ठेवलेले, आळीतल्या बायकांना आमंत्रणं गेलेली. आणि नेमकं त्या शुक्रवारी संध्याकाळी यार्डातल्या नंबरात बदल करायचं काम माझ्याकडे आलं. ते झालं तेव्हा बसला तास उरला होता.

मी नंबराच्या चौकोनात टिक केली. काट्याच्या केली. कानडी आठवलं, तीही केली. मग भीती वाटायला लागली, म्हणून पावत्यांच्या छपाईची केली. तेवढ्यात मागे सर उभे असल्याचं जाणवलं. त्यांनी माउस हातात घेतला. आता हे सगळ्याच करणार, माझे दागिने डब्यातच राहणार, असं वाटून मी पर्सचा बंद घट्ट धरला.

सरांनी छपाईची टिक काढली.

"छपाईचा इथे संबंध नाही. ती रात्री आपोआप होईल. बस आपोआप थांबत नाही."

पाऊण तासाच्या आत तिन्ही हिरव्या झाल्या. मी बॅग उचलली. सर आपल्या जागेवर बायकोशी फोनवर बोलत होते. "पोचले का तुझे काका-काकू? सगळेच आलेत? बरं, बरं. गुऱ्हाळ सुटलं की निघतो."

त्यांच्या टेबलाजवळून दाराकडे जाताना मला स्क्रीन दिसली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक चौकोनात टिक. दत्ताही मान लांब करून बघत होता.

"सर, एवढं काय बदललंय?"

सरांनी थर्मासमधला चहा सावकाश ओतला.

"बटणाचा रंग."