लुटायचं म्हणजे द्यायचं

राक्षसाला अहो-जाहो करून मग त्याचं डोकं फोडणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे आणि ती वाघोलीत सातव्या मजल्यावर राहते. ती माझ्या मैत्रिणीची आत्या. मैत्रीण नोकरीसाठी परदेशी गेली आणि आत्या वारसाहक्कानं माझ्याकडे आली, असं मी म्हणते. आत्या म्हणते, तूच माझ्याकडे आलीस, कारण तुझ्या खोलीवरचा चहा पिण्यासारखा नसतो. जन्मभर तिनं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली. निवृत्त झाल्यावर गुडघे गेले, तेव्हा ती 'सात घाट' हा आमच्या कंपनीचा ऑनलाइन खेळ खेळायला लागली. शेकडो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक मुलखात हिंडतात, टोळ्या करतात, राक्षस मारतात, असा तो खेळ. "इथे तरी मला जिने चढता येतात," असं तिचं म्हणणं. खेळात ती धिप्पाड योद्धा आहे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लढण्याआधी ती समोरच्या राक्षसाला टाइप करते, "आपण बाजूला व्हावं ही विनंती. नंतर तक्रार चालणार नाही." राक्षस बाजूला होत नाही. मग ती त्याला मारते आणि "कळवलं होतं" एवढं लिहून पुढे जाते. स्वतःच्या टोळीतल्यांना मात्र अरे-तुरे. गुहेत शिरताना त्यांनी उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं, हा तिचा नियम. एकदा एकजण रांग मोडून पुढे आला, तर ड्रॅगन समोर आग ओकत असताना तिनं सगळ्या टोळीला जागच्या जागी उभं केलं आणि रांग पुन्हा लावायला घेतली. सगळे जळाले. "जळाले, पण रांगेत जळाले," हे ती अजून अभिमानानं सांगते.

या खेळातलं मराठी मी लिहिते. राक्षस मेला की त्याच्या अंगावरचं सोनंनाणं, ढाल-तलवार घेण्यासाठी एक बटण येतं. त्यावर मी 'लूट' असं लिहिलं होतं. आत्यानं पहिल्याच दिवशी ते दाबलं, सगळा ऐवज तिच्याच पिशवीत आला आणि तिनं मला फोन लावला. "तुमचं बटण उलटं चालतंय."

"उलटं म्हणजे?"

"लुटायचं म्हणजे द्यायचं. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे काय घरफोड्या करतात?"

मी समजावलं की ही ती लूट नाही, ही दरोड्यातली. आत्या म्हणाली, "म्हणजे सकाळपासून मी दरोडे घालत बसले होते." त्यानंतर तिनं ते बटण कधीच दाबलं नाही. राक्षस मारायचा, त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, घेऊन जा, गर्दी करू नका" असं लिहायचं. संक्रांतीच्या दिवसांत तर ती मुद्दाम जास्त राक्षस मारायची.

अशातच आमच्यावर संकट आलं. या खेळात पहिले तीन घाट पायी चढावे लागतात आणि मग घोडा मिळतो. नवीन आलेली माणसं पहिल्याच घाटात कंटाळून निघून जायची. आमच्या मालकांनी सांगून टाकलं की नवे टिकले नाहीत तर वर्षअखेरीस खेळ बंद. उपाय म्हणून नव्यांना पहिल्याच दिवशी घोडा द्यायचं ठरलं, तर जुने खेळाडू पेटले. "आम्ही तळपाय झिजवले, आणि हे काय जावई लागून गेले?" असं त्यांच्या म्होरक्यानं लिहिलं. हा स्वारगेटजवळचा एक दुकानदार, खेळात त्याचं नाव सुभेदार. फुकट घोडे वाटलेत तर आम्ही सगळे सोडून जाऊ, अशी धमकी. म्हणजे नवे गेले तरी खेळ संपला, जुने गेले तरी संपला.

बाराखडीच्या आधी 'जाहीर निषेध' वाचायला शिकवतात, अशा घरात मी वाढले. वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवले. आधी आलेल्यांनी मागून येणाऱ्यांची वाट अडवायची, हे मला सहन होणं शक्यच नव्हतं. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवायला वाघोली गाठली. तिनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे. पाठवणार कोणाला? जुन्यांना? म्हणजे उद्या जायचे ते आज जातील."

"पण आत्या, तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"तत्त्व बरोबरच आहे. पण वर्गात नवी मुलगी आली की मी भाषण करायचे नाही. एखाद्या जुन्या मुलीच्या हातात तिचा हात द्यायचे. मग जुनीच तिला सोडत नाही."

खालून माईकचा आवाज येत होता. सोसायटीचं हळदीकुंकू चाललं होतं. तू गेली नाहीस का, असं मी सहज विचारलं. लिफ्ट बंद आहे हे सांगावं तशा सुरात ती म्हणाली, "हे गेल्यापासून बोलावत नाहीत."

माझं डोकं फिरलं. मी पत्रकाचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूवर सोसायटीच्या विरोधात लिहायला सुरुवात केली. "आधी चहा घे," आत्या म्हणाली. "पत्रक कुठे पळून जात नाही. आणि मी काय कमी वाण लुटते? तिथे कोणी कपाळ बघत नाही." मग कप माझ्यापुढे सरकवत, "तो खेळ बंद झाला तर मात्र पंचाईत आहे गं."

दुसऱ्या दिवशी ती दुखऱ्या गुडघ्यांनिशी आमच्या हडपसरच्या ऑफिसात हजर. तिचं म्हणणं एवढंच होतं: पुढे प्रत्येकाला चांगला घोडा मिळतो आणि पहिलं तट्टू तबेल्यात नुसतं उभं असतं, विकवत नाही, सोडवत नाही. तिचं बंडू नावाचं तट्टू असंच उभं होतं. जुन्यानं आपलं पहिलं तट्टू स्वतःच्या हातानं नव्याला द्यावं आणि तट्टाच्या गळ्यातल्या पाटीवर देणाऱ्याचं नाव राहावं.

मालक म्हणाले, "मॅडम, आपलं तट्टू कोण कशाला देईल?"

"तुम्ही घोडे वाटलेत तर ती खैरात. मी दिला तर तो माझा बंडू. आणि ते देण्याच्या बटणावर 'लुटा' असं लिहायचं. शुद्ध मराठीत."

रथसप्तमीला ते बटण सुरू झालं. मी आत्याच्या शेजारीच बसले होते. पहिल्या घाटाच्या पायथ्याशी जुने खेळाडू वाट अडवून उभे, समोर अनवाणी नवे. बटण कोणीच दाबेना. आत्यानं पदर खोचला आणि टाइप केलं, "सावधान." तिची टोळी सवयीनं रांगेत आली. तिनं बंडूला 'झोपाळू वाघ' नावाच्या एका नवख्यापुढे नेलं. "आपण पहिल्यांदाच का? हा बंडू. उजवीकडे ओढतो, मनावर घेऊ नका." आणि तिनं 'लुटा' दाबलं.

सुभेदारनं विचारलं, "आत्या, वाईट वाटलं का हो?"

"तुला काय करायचंय? पुढे ये. उंचीनं तूच पहिला."

तो आला. त्याच्या घोडीचं नाव राणी. राणीला काय आवडतं, काय नाही, हे तो इतका वेळ सांगत बसला की समोरच्या मुलीनं "काका, मी बसू का आता?" असं विचारलं. मग सगळेच आले. थोड्या वेळानं घाट तट्टांनी भरून गेला आणि माझं पत्रक ज्यांच्याविरुद्ध होतं ते सगळे जुने शिलेदार आपापल्या तट्टाशेजारून पायी चढत होते. वळण आलं की सांभाळ, असं सांगत. त्या दिवशी मी आत्याच्या दिवाणखान्यात नाचले. खेळ बंद करायची गोष्ट मालकांनी पुन्हा कधी काढली नाही. जुने राहिले, नवेही राहिले. बंडूनं तर झोपाळू वाघालाही तीन घाट चढवले आणि पुढच्या नवख्याकडे गेला. त्याच्या गळ्यातल्या पाटीवर आता आत्याखाली वाघाचंही नाव आहे.

यंदाच्या संक्रांतीला मी पुन्हा वाघोलीला होते. आत्या नेहमीसारखी मेलेल्या राक्षसाशेजारी उभी राहून लोकांना बोलावत होती. तेवढ्यात झोपाळू वाघ आला. "आत्या, माझ्याकडून वाण," असं त्यानं लिहिलं, आणि पडद्यावर एक शिट्टी चमकायला लागली. पीटीच्या बाईंची असते तशी, लाल दोरीची.

आत्यानं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. पदर सारखा केला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "हे घ्यायचं कसं असतं गं?"

खाली सोसायटीत माईक लागला होता. मी उठून खिडकी लावून घेतली आणि तिला बटण दाखवलं.