टायर नवे, दोष बायकोचा

"पाच मिनिटं थांबा, चाक फिरवून बघतो," असं नंदुरबारचा टायरवाला म्हणाला होता. त्यावर मी म्हणालो, "अहो, चाक आहे, फिरणारच!" आणि मोटारसायकल जवळजवळ त्याच्या हातातून ओढून घेतली. एवढं चटपटीत वाक्य आपल्याला सुचलं, या आनंदात मी घरी आलो.

निघायचं होतं खापरला. बायकोच्या भाच्याचा साखरपुडा, मुलीच्या घरी. बाकीची मंडळी गावाहून भाड्याच्या गाडीने परस्पर जाणार होती. त्यांनी आम्हा दोघांना जागा ठेवली होती, पण मग माझे नवे टायर सासरच्यांनी पाहायचे कधी? त्यातून मुलीची साडी फॉल लावायला नंदुरबारला दिलेली, ती आमच्याकडेच. आमच्याकडे मुलगी मुलाकडची साडी नेसून बाहेर येते, तेव्हाच तिला कुंकू लागतं. आणि ती साडी नेसवायची मुलाच्या आत्याने. म्हणजे साडीही माझ्या गाडीवर आणि आत्याही माझ्याच गाडीवर. मुहूर्त दीडचा. असल्या कामाला चोवीस तासांपूर्वी घातलेले टायर घेऊन निघणाऱ्या माणसाचं वय बावन्न होतं, हेही सांगून टाकतो.

गावाबाहेर पथाऱ्यांवर (मिरची वाळत घालायची मोकळी रानं) लालभडक मिरची पसरलेली होती. ठसक्याने डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पहिला अर्धा तास गाडी हलते की मीच हलतोय, हे कळलं नाही. तापीच्या पुलावर ते कळलं. वेग पन्नासकडे गेला की हँडल थरथरायचं आणि गाडी आपल्या मनाने डावीकडे ओढायची. खाली नदी, डावीकडे कठडा. मी वेग कमी केला आणि विचार करू लागलो. ही माझी दुसरी चूक.

मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला कारण सापडायला कितीसा वेळ लागणार? बायको एका बाजूला पाय सोडून बसली होती. कोणत्या? डाव्या. गाडी कुठे ओढते? डावीकडे. संपलं!

"तुझं बसणं वाकडं आहे," मी म्हणालो.

"सव्वीस वर्षं अशीच बसते," ती मागून म्हणाली.

"तेव्हा टायर जुने होते."

तळोद्यापर्यंत मी तिला तीनदा सरकायला लावलं, एकदा पिशवी मांडीवरून खांद्यावर घ्यायला लावली आणि एकदा तर श्वास जोरात घेऊ नकोस, असंही म्हणालो. गाडी थरथरतच होती.

तळोद्याला स्टँडजवळ चहाला थांबलो. मी फक्त पुढच्या चाकाकडे वाकून पाहिलं, तेवढ्यात मफलर गुंडाळलेले एक बाबा शेजारी येऊन उभे राहिले. जगात कुठेही मोटारसायकलीकडे वाकून पाहा, असा एक तज्ज्ञ जमिनीतून उगवतोच.

"कोनसेट ग्या भो," त्यांनी जाहीर केलं. कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग.

"बाबा, टायर टाकल्यापासून होतंय."

"मंग टायर खराब शे." शे म्हणजे आहे. "कितलाले लिधा?"

केवढ्याला घेतले ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यापेक्षा कोनसेट गेलेला परवडला असता. त्यांची स्वतःची गाडी कोणती, असं मी विचारलं. ते पायी आले होते.

"भार सगळा एका बाजूला येतो ना बाबा," मी बायकोकडे बोट करून म्हणालो.

बायकोने कप खाली ठेवला. पदर खोचला. समोर खापरची जीप भरत होती, म्हणजे खचाखच भरलेली असून आणखी भरत होती.

"मी जीपने जाते," ती म्हणाली. "साडी तुमच्याकडेच राहू द्या, या गर्दीत चुरगळेल. दीडच्या आत या. पोरीला ताटकळत ठेवू नका."

आणि चार बायकांच्या मध्ये एक बोटभर फट होती, तीत ती बसलीसुद्धा. बाबा मला म्हणाले, "आते गाडी सरळ चालई." आता चालेल सरळ!

मलाही तसंच वाटलं. साडीची पिशवी पोटाशी बांधून मी अक्कलकुव्याच्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला सातपुडा, मागची सीट रिकामी. वेग पन्नासवर नेला. हँडल थरथरलं. गाडी डावीकडे ओढली.

असं वाकडं बसायला आता मागे कोणीच नव्हतं. पुढे मी होतो.

अक्कलकुव्याच्या अलीकडे कडुलिंबाखाली पंक्चरचं दुकान दिसलं. दुकानदाराचं नाव सायसिंग. वरच्या डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस, माझ्याशी शाळेतल्या मराठीत मोजकं बोलला.

"कधीपासून?"

"कालपासून. टायर टाकल्यापासून."

"मग टायरचं काम बघितलं?"

"नाही."

"काय बघितलं?"

"बायकोला उतरवून पाहिलं."

मग त्याने गाडी स्टँडवर चढवली, पुढचं चाक फिरवलं आणि एक काडी रिमजवळ धरली. टायरवर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारखी दिसायला हवी. माझ्या टायरची रेघ एका जागी रिमच्या आत दडली होती. टायर तिथे नीट बसलाच नव्हता, म्हणून थरथर. मग तो मागे गेला. चेन ताणायच्या जागी दोन्ही बाजूंना खुणा असतात. चाक दोन्हीकडे सारख्याच खुणेवर हवं; माझं उजवीकडे चौथीवर, डावीकडे तिसरीवर. चाक तिरकं, म्हणून ओढ.

"फिरवून बघितलं असतं, तर तिथेच दिसलं असतं," तो म्हणाला. मी सातपुड्याकडे पाहिलं.

त्याने हवा सोडली, कडेला साबणाचं पाणी लावलं आणि पुन्हा हवा भरू लागला. टायर 'टप्प' असा आवाज करून जागेवर बसला. जास्तीची हवा काढली, मागचं चाक सरळ केलं. तेवढ्यात फोन आला. मेव्हणा होता. "भाऊजी, कथा शेतस? पोरगी कवयनी बसेल शे!" मी कुठे आहे, असं तो विचारत होता; पोरगी केव्हाची बसून होती.

खापरला पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. बायको दारातच उभी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पिशवी घेतली आणि आत गेली. थोड्या वेळाने मुलगी साडी नेसून पाटावर आली, कुंकू लागलं आणि माझ्या छातीतली थरथर थांबली. जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. मी चार बट्ट्या खाल्ल्या. नव्या टायरांकडे एकाही माणसाने पाहिलं नाही.

परत निघताना भाड्याच्या गाडीत जागा रिकाम्या होत्या. मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. बोलावं कसं, ते कळेना. बायको आली आणि डावीकडे पाय सोडून नेहमीसारखी मागे बसली.

गाडी साठच्या वेगालाही पाण्यासारखी गेली. यंत्राचं एक बरं असतं, ते बिघडतं तिथेच दुखतं. माणूस मात्र आपलं दुखणं आधी शेजाऱ्याच्या अंगावर शोधतो. हे तत्त्वज्ञान जुळवून झाल्यावर, पूल ओलांडून, मी हिंमत केली.

"तुझा काही दोष नव्हता बरं का. तू उतरल्यावरही गाडी हलतच होती."

"ते माले तळोदालेच माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुमले समजाले पाहिजे, म्हनीसन मी उतरनू."