तिसरा सूर

सरोजिनी टिपणीस १९७७ साली नवऱ्याबरोबर नायजेरियाला गेल्या. दिनानाथ तिथल्या नदीकाठच्या एका गावी शाळेत गणित शिकवायचे. बाईंना दिवसभर काम नसे. शेजारी मामा रूथ नावाची म्हातारी राहायची. तिची मूळ बोली आता सातआठ म्हाताऱ्यांनाच येत होती, नातवंडं बाजारातली भाषा बोलत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींचं जमलं आणि बाई तिचे शब्द वहीत उतरवू लागल्या.

देवनागरी अपुरी पडली. ग आणि ब एकाच झटक्यात उच्चारायचे. तिथे त्यांनी दोन्ही अक्षरं जोडून लिहिली. एका ब मध्ये श्वास बाहेर न सोडता आत ओढायचा. त्याच्याखाली टिंब दिलं. शिवाय तोच शब्द चढ्या सुरात म्हटला तर चूल, उतरत्या सुरात म्हटला तर जावई. म्हणून डोक्यावर किंवा पायाशी रेघ. सहा वर्षांत सहाशे शब्द झाले, तीन कॅसेटी भरल्या.

८३ साली परतून दोघं नेरूळला सिडकोच्या घरात आले. खाडीच्या दमट हवेनं दोन कॅसेटींना बुरशी धरली.

८६ साली परदेशातल्या एका संशोधकानं शाळेकडून पत्ता मिळवून पत्र लिहिलं. मामा रूथ वारली होती, तिच्या बरोबरीचंही कोणी उरलं नव्हतं. तुमच्याकडे त्या बोलीचं काही आहे का, असं त्यानं विचारलं होतं. वही पाठवून मोकळी हो, असं दिनानाथ म्हणाले. पण त्या खुणा दुसऱ्याला वाचता येणार नव्हत्या. बाईंनी स्वतःच्या आवाजात शब्द भरायचं ठरवलं आणि सरावासाठी उरलेली कॅसेट रोज लावू लागल्या.

भांडी घासायला येणारी गोजरा नेरूळ गावातली, लग्नात धवल्यांची जुनी गाणी म्हणणारी. दोनतीन दिवस ती नुसती ऐकत होती. मग हात पुसत बाहेर आली.

"बाय, तुमी चुकताव. ती म्हातारी दोन नाय, तीन सूर लावते. येक मदी हाय."

बाईंनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकली, मग पुन्हा. गोजराचं खरं होतं. मधला सूर सहा वर्षांत त्यांना एकदाही ऐकू आला नव्हता. वहीत त्यांनी कधी तो वर ढकलला होता, कधी खाली.

त्या दिवशी त्यांनी वही उघडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघी दुपारी बसू लागल्या. कॅसेटवर एकशे चाळीस शब्द होते. गोजरा मान हलवी तेव्हाच बाई पुढे जात. उरलेल्या शब्दांना मात्र आता आधार नव्हता. ते त्यांनी एका सुरात, सपाट वाचले आणि आरंभीच सांगून टाकलं की यांचे सूर मला माहीत नाहीत, पूर्वी लिहिलेल्या रेघांवर विश्वास ठेवू नये.

"तिला लेक नव्हती का?" गोजरानं एकदा विचारलं.

"होती. तिला लाज वाटायची ती भाषा बोलायला."

गोजराच्या दोन्ही मुली धवल्यांना हसत.

पुढच्या वर्षी संशोधकाची छोटी पुस्तिका आली. एकशे चाळीस शब्दांवर तीन तऱ्हेच्या खुणा होत्या, बाकीचे कोरे. आभारात दोन नावं होती. गोजराचं चुकीचं छापलं होतं. बाईंनी ते पेनानं दुरुस्त करून पुस्तिका तिला दिली.