लिंबाची फोड आणि खडवलीच्या चिंचा

आज वरणावर पिळायला लिंबू कापलं आणि त्या वासानं माझ्या जबड्याखाली हलकीशी कळ गेली. दुखणं माझं नव्हतं, आईचं होतं. तेही कित्येक वर्षांपूर्वीचं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात आई खिडकीशी उन्हात बसलेली. लाळेच्या ग्रंथीला सूज येऊन तिचा गाल टम्म फुगला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. शेक घ्या, भरपूर पाणी प्या आणि आंबट चोखा, म्हणजे लाळ सुटून ग्रंथी मोकळी होईल, असं सांगितलं होतं. पण लिंबाच्या नुसत्या वासानं कळ यायची, आणि आई फोड बाजूला ठेवून द्यायची.

बाबा तिच्या गालाला गरम फडकं लावून बसले होते. आमटी अळणी झाली तरी न बोलणारा माणूस. माझ्याकडे बोट दाखवत ते हळूच म्हणाले, "खडवलीला नदीवर चिंचा खाल्ल्यास, आठवतं? ही पोटात होती तेव्हा. कोवळ्या, हिरव्यागार. तिखटमीठ लावून."

"अहो, पुरे!" आई कळवळली, मग हसायलाच लागली. "सुटलं पाणी!"

"उरलेल्या पदरात बांधून घेतल्यास. पदराला डाग पडले."

खोलीभर जणू नदीकाठची ओली सावली पसरली होती. आईनं डोळे मिटून लिंबाची फोड तोंडात धरली.

आई आता नाही. आज बाबांना वाढताना मी म्हटलं, "खडवलीला काय मजा केलीत हो तुम्ही दोघांनी!"

"मी कुठे होतो?" बाबा म्हणाले. "माझी ड्युटी होती. संध्याकाळी तिनंच सांगितलेलं. एकदाच."